यादीच्या शेवटच्या पानावर

माझ्या धाकट्या भावाचं नाव मतदारयादीतून गेलं, ते घरात कुणाला कळलंही नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये मतदानाच्या चिठ्ठ्या वाटायला आले, तेव्हा आईची चिठ्ठी मिळाली, भावजयीची मिळाली, त्याची नाही. चौकशी केल्यावर उलगडा झाला. याद्या तपासायला आलेल्या बाईंना शेजाऱ्यांनी खरं तेच सांगितलं होतं, की तो दुबईला असतो. असतो तो शारजाला, एसी दुरुस्तीच्या कामावर, २००२ पासून. पण आमच्या लालबागच्या मजल्यावर आखात म्हणजे दुबईच. बाईंनी नियमाप्रमाणे नाव कमी केलं.

मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, रेशनकार्डावर आहे ना अजून नाव?"

त्या प्रश्नाने मला त्या रात्री झोप लागली नाही. बाराशे मैलांवर एका खोलीत बसलेला माणूस आपण कुठल्या कुठल्या कागदावर अजून शिल्लक आहोत, हे मोजत होता.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक शब्दप्रयोग आहे, 'सर्वसाधारण रहिवासी'. तुम्ही जिथले सर्वसाधारण रहिवासी, तिथल्या यादीत तुमचं नाव. नुसतं घर आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं रहिवासीपण संपत नाही, असंही कायद्याने पुढे सांगून ठेवलंय. तात्पुरतं म्हणजे किती दिवस? माझा भाऊ वीसहून जास्त वर्षं तात्पुरताच गेलेला आहे. त्याचा व्हिसा दोन-दोन वर्षांचा. आखाती देशांत उभं आयुष्य घालवलं तरी तिथलं नागरिकत्व मिळणं जवळजवळ अशक्य. हात चालेनासे झाले की त्याने परत यायचं ते याच इमारतीत, आईच्या शेजारच्या खोलीत. त्याला दुसरा देशच नाही. आणि ज्या एका देशाचा तो नागरिक आहे, तिथे त्याचं मत नव्हतं.

आमच्या घराला हा प्रश्न नवा नव्हता. वडील संगमेश्वरहून १९५१ मध्ये मुंबईत आले. गावकीची खोली होती. वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीने झोपायची, एक गिरणीतून आला की दुसऱ्याची वळकटी गुंडाळायची. त्यांच्याआधी त्यांचे चुलते याच खोलीत राहिले होते. त्या काळी महापालिकेच्या मतदानाला माणसाच्या नावावर कर किंवा भाडं लागायचं, आणि खोलीचं भाडं तर गावकीच्या नावावर. चुलत्यांनी साचे चालवले, मुंबईच्या कापडात आयुष्य घातलं, पण मुंबईने त्यांना मत काही विचारलं नाही. प्रौढ मतदानावर महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ ला, तोवर ते दम्याने गावी परतले होते.

वडिलांचं पहिलं मत १९५७ चं. ते त्या दिवसाबद्दल सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, फ्लोरा फाउंटनला रक्त सांडून जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं, आणि गिरणगावातून कॉम्रेड डांगे प्रचंड मतांनी लोकसभेवर निवडून गेले. ती मतं दिली कुणी? रत्नागिरीच्या, साताऱ्याच्या, पुण्याच्या घाटावरच्या माणसांनी. मुंबईत बहुतेकांचं स्वतःचं असं छप्परही नव्हतं. त्यांना जर तेव्हा कुणी म्हटलं असतं की तुम्ही संगमेश्वरचे, तुमचं मत संगमेश्वरला, तर मुंबई कुणाची हा सवाल त्या वर्षी कुणी सोडवला असता?

वडिलांच्या थोरल्या भावाने मात्र नाव गावालाच ठेवलं. "जमीन तिकडं, देव तिकडं, मग मत हिकडं कसं?" हे त्यांचं म्हणणं. दोघांचा यावरून गणपतीत दरवर्षी वाद व्हायचा. लहानपणी मला वाटायचं, यातला एक जण चुकतोय. आता वाटतं, दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. जिथल्या निर्णयाची झळ आपल्याला बसते तिथे बोलायला मिळावं, एवढंच दोघांना हवं होतं. काकांना झळ ग्रामपंचायतीच्या पाण्याची बसायची, कारण त्यांची बायकामुलं तिकडे होती. वडिलांची बायकामुलं इथे नळावर रांगेत होती. कायदा दोघांनाही एकेक मत देत होता, एकाच ठिकाणी, आणि कुठलं ते त्यांच्या राहण्यावर ठरत होतं.

भावाचं तसं नव्हतं. त्याला एकही ठिकाण उरलं नव्हतं.

पुढे कळलं की वाट आहे. कायद्यात २०१० ला दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०११ पासून परदेशात राहणाऱ्या, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. त्यासाठी नमुना ६-अ भरायचा, पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची प्रत जोडायची. भाच्याने ऑनलाइन भरून दिला. काही महिन्यांनी यादीत नाव आलं, पण आमच्या नावांच्या मध्ये नाही. आमच्या भागाच्या यादीत शेवटी 'अनिवासी' मतदारांचा वेगळा विभाग असतो, त्यात. अशा मतदाराला ओळखपत्र मिळत नाही, मूळ पासपोर्ट दाखवून मत द्यायचं. आणि द्यायचं ते इथे येऊन, याच शाळेत, याच खोलीत.

म्हणजे हक्क आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायचं विमानाचं तिकीट तुम्ही काढायचं.

२०२४ च्या लोकसभेला मुंबईत २० मे रोजी मतदान होतं. मे महिन्याचं आखातातलं तिकीट किती चढतं ते तिथे माणूस असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. शिवाय त्याची रजा करारातली, दोन वर्षांतून एकदा. तो आला नाही. आम्ही आईला घेऊन गेलो. आई ब्याऐंशीची. पंच्याऐंशी ओलांडलेल्यांचं मत घ्यायला त्या वर्षी पथकं घरी आली, आमच्या वरच्या मजल्यावर आली होती, आईला अजून तीन वर्षं होती. उन्हात रांग हलत नव्हती. आमच्या इमारतीच्या वॉचमनकाकांनी घरून स्टूल आणून दिलं आणि आई त्यावर बसत, उठत, सरकत दोन तासांनी आत गेली. संध्याकाळी भावाचा व्हिडिओ कॉल आला. "बोट दाखव," म्हणाला. आईने शाईचं बोट कॅमेऱ्याच्या इतकं जवळ नेलं की त्याला नुसता जांभळा-काळा धूर दिसला असणार. तो बघत राहिला.

त्या निवडणुकीत देशभरात परदेशस्थ मतदार म्हणून नोंदलेले होते १,१९,३७४. मत देऊ शकले २,९५८, आणि त्यातले २,६७० एकट्या केरळचे. परदेशात राहणारे भारतीय नागरिक सव्वा कोटीहून जास्त आहेत. लोक म्हणतात, यांना उत्साह नाही. माझा भाऊ त्या न आलेल्या लाखभरात आहे, म्हणून हे वाक्य मला सहन होत नाही.

त्याच्याबरोबर काम करणारा एक फिलिपिनो आहे. त्याच्या देशाने २००३ मध्ये कायदा केला, आणि तो आपल्या वकिलातीत जाऊन मत देत आलाय. भावाने मला हे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नाही, कुतूहलाने. आणि नंतर एकदम म्हणाला, "आपली पण वकिलात तिथंच आहे, ताई."

दिल्लीचा निर्णय त्याच्यापर्यंत पोचत नाही, असं कुणाला वाटत असेल तर त्याने आखातात जाणाऱ्याचा पासपोर्ट बघावा. दहावी न झालेल्याला 'ईसीआर' पासपोर्ट मिळतो. त्याला ठरावीक देशांत कामाला जायचं तर सरकारची परवानगी लागते, १९८३ च्या कायद्याखाली. कुठल्या देशाशी कामगारांबद्दल काय करार करायचा, एजंटांना परवाने कुणी द्यायचे, अडकलेल्यांना परत कसं आणायचं, हे सगळं दिल्लीत ठरतं. १२ जून २०२४ ला कुवेतमध्ये मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागली. चाळीसहून अधिक भारतीय गेले. आपल्या निकालाला तेव्हा आठ दिवस झाले होते. हवाई दलाच्या विमानातून शवपेट्या आल्या त्या टीव्हीवर बघताना आई जपमाळ हातात धरून नुसती बसली होती, मणी सरकत नव्हता. त्या माणसांपैकी किती जणांना त्या उन्हाळ्यात मत देता आलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही.

उपाय निघाले नाहीत असं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेने एक विधेयक मंजूर केलं होतं. परदेशातल्या मतदाराने इथल्या कुणाला तरी मुखत्यार नेमायचं, त्याने याच्या वतीने मत द्यायचं. राज्यसभेत ते मंजूर झालंच नाही आणि २०१९ ला लोकसभेबरोबर संपलं. ते संपलं याचं मला दुःख नाही. भावाला मत मिळावं म्हणून मी तळमळते, पण असं नको.

त्याचं कारण आई आहे. वडील जायच्या आदल्या वर्षापर्यंत प्रत्येक निवडणुकीला सकाळी चहाच्या वेळी तिला चिन्ह सांगायचे. ती मान हलवायची. वडील गेल्यावर पाच-सहा वर्षांनी, अशीच एक निवडणूक होती, मी सहज विचारलं, "आता काय करणार, कोण सांगणार?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी कधी त्यांचं ऐकलं होतं?" पन्नास वर्षांचा संसार, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, आणि तिथे तिची स्वतःची अशी एकच जागा होती, पुठ्ठ्याच्या आडोशामागची, अर्ध्या मिनिटाची. मुखत्याराच्या मताने पहिली जाईल ती हीच जागा. नर्स म्हणून मस्कतला गेलेल्या सुनेचं मत सासरे देतील, मुलीचं मत बाप देईल. सैनिकांना ही सोय आहे, त्यांची गोष्ट वेगळी. घराघरात ती आली तर आपली घरं कशी आहेत ते मला माहीत आहे.

सैनिकांना आता मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पोचते, ते ती छापून, खूण करून पोस्टाने परत पाठवतात. तीच पद्धत परदेशस्थांना लागू करता येईल असं निवडणूक आयोगाने २०२० मध्ये सरकारला कळवलं होतं. मी भावाला विचारलं, हे चालेल का? त्याने विचार केला. "मला चालेल. पण लेबर कँपातल्या पोरांना नाही. दहा जण एका खोलीत. तिथं कागदावर खूण करायची म्हणजे सगळ्यांदेखत. पासपोर्ट कित्येकांचे मालकाकडे. त्यापेक्षा वकिलातीत पेटी ठेवा, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी बस करून जाऊ." आपल्याकडे तज्ज्ञ समित्या बसतात, त्यांच्यासमोर कँपातल्या खोलीची लांबीरुंदी सांगणारा माणूस असायला हवा.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. नणंदेचा मुलगा लेस्टरला शिकायला गेलाय, स्टुडंट व्हिसावर, जेमतेम वर्ष झालं होतं. ४ जुलै २०२४ ला ब्रिटनच्या पार्लमेंटची निवडणूक होती, आणि त्याने तीत मत दिलं. ओळख पटवायला काय दाखवलं? आपला भारतीय पासपोर्ट. राष्ट्रकुल देशांचे नागरिक कायदेशीरपणे ब्रिटनमध्ये राहत असतील तर त्यांना तिथे थेट संसदेच्या निवडणुकीतही मत आहे, साम्राज्याच्या काळापासून राहून गेलेली रीत. मला हे माहीत नव्हतं, त्यालाही घरमालकिणीने सांगितलं तेव्हा कळलं. मुंबईच्या एका पोराचा पासपोर्ट लेस्टरला रस्ता ओलांडून मतदान केंद्रात चालला, आणि मुंबईच्याच दुसऱ्या माणसाचा पासपोर्ट लालबागला चालवायला समुद्र ओलांडावा लागतो.

हुतात्मा चौकाजवळ दादाभाई नौरोजींचा पुतळा लागतो. आपल्या या मुंबईच्या माणसाला १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीने अवघ्या पाचेक मतांच्या फरकाने संसदेत पाठवलं. त्यानंतर दोनच वर्षांत दक्षिण आफ्रिकेत नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने हिंदुस्थानी लोकांचा मताधिकार काढून घेणारं विधेयक आणलं. निरोपाच्या समारंभात गांधींनी वर्तमानपत्रात ती बातमी वाचली, आणि घरी परतायला निघालेला तो बॅरिस्टर तिथे थांबला. नाताळ इंडियन काँग्रेस जन्मली ती या एका प्रश्नावर. १८९६ ला जो कायदा शेवटी झाला त्यातली सबब अशी होती की ज्यांच्या मायदेशात संसदीय मतदान नाही त्यांना इथे ते नाही. म्हणजे परक्या देशात राबणाऱ्याला मत असावं का, हा वाद आपण तिकडचे उपरे असताना आपल्या बाजूने लढलेला आहे. म्हणून तो प्रश्न आपल्या दारात उलटा येऊन उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे पाठ फिरवता येत नाही.

माझ्या दारात तो आईला स्टूल आणून देणाऱ्या काकांच्या रूपाने उभा आहे. काका नेपाळचे, अछाम जिल्ह्याचे. १९९३ ला मुंबईत आले. चाळ होती तेव्हापासून आमच्याकडे आहेत, चाळ पाडून टॉवर झाला तरी आहेत. मराठी आमच्यासारखंच बोलतात. मुलं महापालिकेच्या शाळेत शिकली, धाकटी नात के.ई.एम.ला जन्मली. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे ते इथे राहू शकतात, काम करू शकतात, मालमत्ता घेऊ शकतात. मत देऊ शकत नाहीत, कारण राज्यघटनेच्या कलम ३२६ प्रमाणे मत नागरिकाला. यात मला काही चूक दिसत नाही. देशाची लोकसभा देशाच्या नागरिकाने निवडावी. माझी मावसबहीण न्यूजर्सीला अमेरिकेची नागरिक झाली, तिच्याकडे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे, तिला इथे मत नाही आणि नसावं, असं मी तिच्या तोंडावर सांगितलंय. तिने शपथ घेऊन दुसरं घर पत्करलं, तिथे तिला मत आहे, त्या मतानेच तिची बाजू तिथे उभी राहते.

पण वॉर्डाचं काय? काकांच्या गल्लीतला नाला तुंबला तर पाणी त्यांच्या केबिनमध्ये आधी शिरतं. दवाखाना, शाळा, कचऱ्याची गाडी, सार्वजनिक शौचालय, यांमुळे काकांचा येतो तितका महापालिकेशी रोजचा संबंध आमच्या टॉवरमध्ये दुसऱ्या कुणाचा नाही. स्वीडनने १९७६ पासून तिथे तीन वर्षं राहिलेल्या परदेशी माणसाला स्थानिक निवडणुकीत मत दिलं. आयर्लंडमध्ये गावचं मत राहणाऱ्या प्रत्येकाला आहे. न्यूझीलंड तर १९७५ पासून कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना संसदेसाठीही मत देतं. मला वाटतं, दहा-पंधरा वर्षं कायदेशीरपणे, उजळ माथ्याने एका वॉर्डात राहिलेल्या माणसाला त्या वॉर्डाचा नगरसेवक निवडायला मिळावं. खोट्या कागदांवर यादीत नाव घुसवणाऱ्यांचं मी बोलत नाही. ती चोरी आहे, आणि ती माझ्या आईच्या दोन तासांच्या रांगेची चोरी आहे.

हे मी मराठी माणूस म्हणून भीत भीत लिहिते. गिरणगावात आमचा आवाज कसा बारीक होत गेला ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणखी माणसं मोजली तर तो आणखी बारीक होईल ही भीती माझ्याही पोटात आहे. मात्र गावकीच्या खोलीत वळकटी गुंडाळणाऱ्या चुलत्यांना ज्यांनी मत दिलं नाही, त्यांच्या पोटातही हीच भीती असणार.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये भावाची रजा आणि विधानसभेचं मतदान योगायोगाने जुळून आलं. २० तारखेला सकाळी सातला आम्ही निघालो. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, शर्टाच्या आत. केंद्रावर त्याचं नाव सापडेना. तिथल्या तरुण मुलीने यादी दोनदा चाळली, बाजूच्याला विचारलं. रांगेतले लोक चुळबूळ करू लागले. भाऊ म्हणाला, "मॅडम, शेवटचं पान बघा." त्या पानावर मोजून तीन नावं होती. तिने पासपोर्ट हातात घेतला, फोटो बघितला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कुठून आलात?" "शारजाहून." तिने उभं राहून त्याच्या बोटाला शाई लावली. कारण काय ते मला सांगता येणार नाही, पण ती उभी राहिली.

परत आलो तेव्हा काका गेटवर होते. भावाने त्यांना बोट दाखवलं. काकांनी ते हातात धरून निरखलं. त्यांचं नाव अछामच्या यादीत आहे. परदेशातल्या नेपाळींना मत देता यावं अशी व्यवस्था करा, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय, पण लालबागपर्यंत ते आलेलं नाही.

"किती तास लागले तुला यायला?" त्यांनी भावाला विचारलं.

"विमानात तीन."

काका बोटांवर मोजू लागले. मुंबई-दिल्ली गाडी, दिल्लीहून बनबसाची बस, पूल चालत ओलांडायचा, पुढे महेंद्रनगरहून डोंगरातली बस, आणि शेवटी पायी.

"चार दिवस," ते म्हणाले. "जायचे."

मग आईची टॅक्सी आली म्हणून ते गेट उघडायला गेले.